पासपोर्ट आधी की जर्सी आधी?

मा. संपादक यांस,

सविनय नमस्कार.

१ डिसेंबर १९६१ रोजी कानपूरच्या ग्रीन पार्कवर दिलीप सरदेसाई इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळायला उतरले, तेव्हा त्यांचे जन्मगाव मडगाव भारतात नव्हते. गोवा मुक्त झाला तो त्यानंतर अठरा दिवसांनी. आसगावात जन्मलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले, तेही भारतासाठी आणि तेही गोवा पोर्तुगालच्या ताब्यात असताना. नागव्यात जन्मलेले आंताव डिसोझा पाकिस्तानकडून सहा कसोटी खेळले. गोमंतकीय आईवडिलांचे, मोंबासात जन्मलेले सेराफिनो आंताव यांनी १९६२ साली पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०० आणि २२० यार्डांच्या दोन्ही शर्यती केनियासाठी जिंकल्या. केनिया स्वतंत्र व्हायला तेव्हा वर्षभर अवकाश होता.

गाव एक आणि जर्सी भलत्याच देशाची, हे गोव्याने फार पूर्वीपासून पाहिले आहे. त्यामुळे वाडवडिलांच्या देशाकडून खेळणाऱ्या खेळाडूंचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच निष्ठेची भाषा सुरू होते, ती ऐकून वाईट वाटते. आज ज्या मुलांपुढे हा प्रश्न आहे त्यांचे भवितव्य निष्ठेवर कमी आणि चार-पाच तारखांवर जास्त ठरते. लिस्बनला जन्मनोंद कधी झाली, पोर्तुगीज पासपोर्ट कधी निघाला, पहिला अधिकृत सामना कधी खेळला, एकविसावे वर्ष कधी पूर्ण झाले. या तारखांचा क्रम एकदा चुकला की तो दुरुस्त होत नाही. गोव्यातील पालक, क्लबांचे प्रशिक्षक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांना हा क्रम माहीत असावा, यासाठी हे पत्र.

आपला प्रश्न इतरांपेक्षा वेगळा का, ते आधी पाहू. मोरोक्कोचा हकीम झियेश नेदरलँड्समध्ये जन्मला, अश्रफ हकिमी माद्रिदमध्ये. त्यांचे आईवडील देश सोडून गेले होते. गोव्यातल्या आजोबांनी मात्र गाव कधी सोडलेच नाही. ते होते तिथेच राहिले आणि देश बदलला. पोर्तुगालचा नागरिकत्व कायदा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगीज मानतो, आणि त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात झाली की मुलांना आणि पुढे नातवंडांनाही तो हक्क मिळू शकतो. भारताचा १९६२ चा गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश त्याच माणसांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानतो. ज्यांनी ठरलेल्या मुदतीत लेखी नकार दिला तेवढे वगळून. म्हणजे एकाच आजोबांवर दोन देशांचे कायदे हक्क सांगतात. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. सगळ्या अडचणी इथून सुरू होतात.

भारताची बाजू स्पष्ट आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ सांगते की स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी कुणी आदेश काढावा लागत नाही. नागरिकत्व नियमांप्रमाणे परदेशी पासपोर्ट मिळवणे हाच त्याचा निर्णायक पुरावा. पासपोर्ट न काढता लिस्बनला नुसती जन्मनोंद केली तर नागरिकत्व जाते का, यावर गोव्यात बरीच वर्षे वाद चालला आहे, तो आमदारांच्या पात्रतेपर्यंतही गेला होता. पासपोर्टबद्दल मात्र वादाला जागा नाही. आणि २००८ च्या डिसेंबरपासून केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचे धोरण असे आहे की भारताच्या संघात फक्त भारतीय नागरिकच खेळेल. अमेरिकन पासपोर्ट असूनही डेव्हिस चषकात भारताकडून खेळलेला टेनिसपटू प्रकाश अमृतराज या धोरणामुळे बाहेर राहिला. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला ताळगावचा किंवा नावेलीचा मुलगा त्याच रांगेत उभा राहतो.

याहून मोठी फसगत होते ती लहान मुलांची, आणि ती बहुधा निवडीच्या वेळी उघडी पडते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरायला आईवडील दोघेही भारतीय नागरिक असावे लागतात, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. मुलाच्या जन्माआधीच दोघांनीही पोर्तुगीज पासपोर्ट काढले असतील, तर मूल मडगावच्या इस्पितळात जन्मले, पालिकेत त्याची नोंद झाली, गोव्याच्या शाळेत शिकले, तरी ते जन्माने भारतीय होत नाही. आधार कार्ड हा रहिवासाचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. जन्मदाखला जागा आणि तारीख सांगतो, आईवडिलांचे त्या दिवशीचे नागरिकत्व सांगत नाही. क्लबच्या चौदा वर्षांखालील संघापर्यंत सगळे सुरळीत चालते. राष्ट्रीय शिबिरासाठी भारतीय पासपोर्ट मागितला की घरात धावपळ सुरू होते, आणि त्या वयात मुलाला हे कुणी समजावून सांगायचे असा प्रश्न पडतो.

अशा घरांना एक तरतूद ठाऊक असावी. आईवडिलांनी कलम ८ खाली रीतसर घोषणापत्र भरून भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला असेल, तर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचेही नागरिकत्व जाते. पण सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत, म्हणजे एकोणिसावा वाढदिवस उलटण्यापूर्वी, तो मुलगा घोषणापत्र देऊन ते परत मिळवू शकतो. आईवडिलांचे नागरिकत्व परदेशी पासपोर्टमुळे कलम ९ खाली गेले असेल तर ही सवलत लागू नाही. ती कलम ८ मध्ये आहे, ९ मध्ये नाही. पासपोर्ट जमा केल्यावर मिळणारे सरेंडर प्रमाणपत्र म्हणजे कलम ८ खालचा त्याग, असा समज गावोगावी पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. घरात कोणता कागद आहे ते काढून, त्यावरचे कलम वाचून पाहावे.

आता फुटबॉल, कारण गोव्यात हा प्रश्न सर्वांत जास्त तिथेच येतो.

फिफाचा पाया असा: एखाद्या देशाच्या राष्ट्रीय संघाकडून, कोणत्याही वयोगटात, अधिकृत स्पर्धेतला सामना पूर्ण किंवा थोडा वेळ जरी खेळला, तर खेळाडू त्या देशाशी बांधला जातो. अधिकृत म्हणजे फिफाची किंवा खंडीय महासंघाची स्पर्धा, पात्रता फेऱ्यांसह. मैत्रीपूर्ण सामन्याने बांधला जात नाही. म्हणून सतरा वर्षांखालील आशियाई पात्रता फेरीत शेवटच्या पाच मिनिटांसाठी बदली म्हणून उतरणे हे वरिष्ठ संघाच्या मैत्रीपूर्ण सामन्यात नव्वद मिनिटे खेळण्यापेक्षा जास्त बांधून टाकणारे असते. मुलाच्या फाइलीत पहिला कागद असावा तो त्याने देशासाठी खेळलेल्या प्रत्येक सामन्याच्या यादीचा: तारीख, स्पर्धा, वयोगट, उतरला की बाकावरच राहिला. नुसते संघात नाव असणे आणि मैदानावर उतरणे यांत फरक आहे, आणि दहा वर्षांनी तो फरक आठवणीवरून सिद्ध करता येत नाही.

नवीन नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला नव्या देशाकडून खेळायला चारपैकी एक अट पूर्ण करावी लागते: तो स्वतः तिथे जन्मलेला असावा, किंवा जन्मदाते आई वा वडील, किंवा आजी वा आजोबा तिथे जन्मलेले असावेत, किंवा त्याने तिथे ठराविक काळ वास्तव्य केलेले असावे. वास्तव्य दहा वर्षांच्या वयाआधी सुरू झाले तर तीन वर्षे पुरतात. दहा ते अठरा दरम्यान सुरू झाले तर पाच वर्षे, आणि तिथे जाणे राष्ट्रीय संघात खेळण्यासाठी नव्हते हेही दाखवावे लागते. अठरानंतर सुरू झाले तर सरळ पाच वर्षे.

गोमंतकीय मुलाची गाठ इथे बसते. अट 'संबंधित संघटनेच्या प्रदेशात' जन्माची आहे. आजोबा १९४८ साली कुंकळ्ळीत जन्मले. तेव्हा तिथे पोर्तुगालचे राज्य होते, पण आजच्या पोर्तुगीज फुटबॉल महासंघाच्या प्रदेशात कुंकळ्ळी येत नाही. मग आजोबांचा जन्म धरायचा की नाही? दुसरीकडे, पोर्तुगालच्या कायद्यात वंशाने मिळालेले नागरिकत्व जन्मापासून लागू मानले जाते, म्हणून ते 'नवीन' नाहीच असाही युक्तिवाद होऊ शकतो. फिफा मात्र जन्मतः आपोआप, आणखी काही प्रशासकीय पूर्तता न करता मिळालेले नागरिकत्व आणि अर्ज करून मिळवलेले नागरिकत्व यांत भेद करते. अशा प्रसंगी एजंटाच्या तोंडी आश्वासनावर मुलाला लिस्बनला धाडू नये. संबंधित राष्ट्रीय महासंघाने फिफाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर हाती आल्यावरच भारतीय पासपोर्टाचे काय करायचे ते ठरवावे. विचारणा महासंघच करू शकतो. खेळाडूचा किंवा वडिलांचा ई-मेल तिथे चालत नाही.

देश बदलण्याचे नियम फिफाने २०२० मध्ये सैल केले. वरिष्ठ संघाकडून खेळलेला खेळाडूही आता बदल मागू शकतो, पण वरिष्ठ संघाचे सामने तीनपेक्षा जास्त नसावेत, मैत्रीपूर्ण सामने धरून; शेवटच्या अधिकृत सामन्याच्या वेळी तो एकवीस वर्षांचा झालेला नसावा; शेवटच्या सामन्याला तीन वर्षे उलटलेली असावीत; विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत, म्हणजे आपल्यासाठी आशियाई चषकात, तो उतरलेला नसावा. यात आणखी एक अट आहे, ती बातम्यांत येत नाही. जुन्या देशाकडून पहिला अधिकृत सामना खेळला त्या दिवशी नव्या देशाचे नागरिकत्व त्याच्याकडे आधीपासून असले पाहिजे. फ्रान्समध्ये वाढलेल्या अल्जीरियन वंशाच्या मुलाला हे सोपे, त्याच्याकडे दोन्ही पासपोर्ट असतात. भारतीय मुलाला हे कायद्याने जवळजवळ अशक्य, कारण दुसरे नागरिकत्व असते तर तो भारताकडून उतरूच शकला नसता. थोडक्यात, भारताच्या वरिष्ठ संघाकडून आशियाई पात्रता फेरीचा एक सामना खेळलेल्या गोमंतकीयाला परतीची वाट जवळपास नाही. फक्त वयोगटातील अधिकृत सामने खेळलेल्या आणि एकविशीच्या आत थांबलेल्या मुलाला आहे, पण त्यालाही वरच्या चारपैकी एक अट पूर्ण करावीच लागते, आणि मग पुन्हा कुंकळ्ळीच्या आजोबांपाशी येऊन थांबावे लागते.

हे वाचून कुणी म्हणेल, पोर्तुगालच्या संघात आपली मुले कुठे निवडली जाणार. खरे आहे, पोर्तुगीज पासपोर्ट काढणारी बहुतेक घरे इंग्लंडमधल्या नोकरीसाठी काढत आली. राष्ट्रीय संघ त्यांच्या मनातही नसतो. आणि नेमके म्हणूनच खेळणाऱ्या मुलाचे नुकसान होते. निर्णय नोकरीचा म्हणून घेतला जातो, मुलाची भारताची जर्सी त्यात जाते, आणि पोर्तुगालची मिळण्याचा प्रश्नच नसतो. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये जाऊन सरळ कामाला लागता येत नाही, व्हिसा लागतो. आधीपासून राहणाऱ्यांसाठी असलेल्या योजनेची मुख्य मुदतही ३० जून २०२१ ला संपली. संतोष ट्रॉफीसाठी गोव्याच्या संघात बसू शकेल अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे कागद घाईने पुढे सरकवण्याआधी घरच्यांनी हे एकदा मांडून पाहावे. वडिलांनी नोंद करणे आणि मुलाचा पासपोर्ट काढणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी त्याच महिन्यात करावी लागत नाही.

उलट दिशेने येणाऱ्या मुलांचाही विचार करू. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये किंवा लिस्बनमध्ये वाढलेली, आजोळ बाणावलीला असलेली एखादी मुलगी भारताकडून खेळू इच्छिते. तिला काय करावे लागेल?

पहिले काम ओसीआय कार्ड, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणून नोंद. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील माणसे आणि त्यांची मुले, नातवंडे, पतवंडे यांना हा हक्क आहे, म्हणजे गोवा त्यात बसतो. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, नाव काहीही असो. हा मुद्दा आपल्या चर्चेत नेहमी सुटतो. मंत्रालयाने उद्या ओसीआय खेळाडूंना परवानगी दिली तरी फुटबॉलमध्ये त्याने काही होणार नाही, कारण फिफाला ज्या देशाकडून खेळायचे त्या देशाचे नागरिकत्वच लागते. त्यासाठी नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मधील वाट आहे: ओसीआय म्हणून नोंद होऊन पाच वर्षे पूर्ण आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात सलग वास्तव्य. विशेष कारण असेल तर केंद्र सरकार या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांचा खंड माफ करू शकते. व्यावसायिक खेळाडूचा घात इथे होतो. हंगामपूर्व शिबिर परदेशात, नाताळला घरी दोन आठवडे, दुखापतीची तपासणी लंडनला, असे करता करता तीस दिवस कधी उलटतात कळत नाही आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. पासपोर्टवरचा प्रत्येक शिक्का आणि विमानाचा प्रत्येक बोर्डिंग पास जपून ठेवावा. आई किंवा वडील पूर्वी भारतीय नागरिक असतील तर त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे, त्यात पाच वर्षांच्या ओसीआयची अट नाही, बारा महिन्यांचे वास्तव्य पुरते. अर्जदार सज्ञान मात्र हवा. गोव्यातल्या पुष्कळ मुलांना हीच वाट जवळची आहे, आणि बहुतेकांना तिचा पत्ता नसतो.

अर्ज ऑनलाइन भरून कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचे. तिथून राज्य सरकार, तिथून केंद्रीय गृह मंत्रालय. मंजुरीचे पत्र आल्यावर जुने नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा. हा क्रम उलटा करू नये. पत्र येण्याआधीच उत्साहाने जुने नागरिकत्व सोडले आणि इकडे फाइल अडकली, तर माणूस कोणत्याच देशाचा राहत नाही, आणि कोणत्याच क्लबला त्याची नोंदणी करता येत नाही.

त्यानंतर फिफाची परवानगी. गुजराती वडील आणि जपानी आई असलेला अराता इझुमी २००६ मध्ये भारतात खेळायला आला, २०१२ मध्ये जपानचे नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. बंगळूरु एफसीचा रायन विल्यम्स, ज्याच्या आईचे अँग्लो-इंडियन घराणे मुंबईचे, त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले. ऑस्ट्रेलियाकडून तो २०१९ मध्ये मैत्रीपूर्ण सामना खेळलेला होता, म्हणून दार बंद नव्हते. तरीही भारतीय पासपोर्ट हाती असताना, परवानगीचे कागद वेळेत न आल्याने १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशाविरुद्ध त्याला उतरता आले नाही. पासपोर्ट आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या महासंघाचे ना-हरकत पत्र पासपोर्टच्या अर्जाबरोबरच मागायला घेतले तर हे आठवडे वाचतात.

कागदांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोव्यातल्या फाइली बहुधा इथेच अडतात. आजी-आजोबांचा जन्मदाखला तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून घ्यावा, आणि नुसता छापील नमुन्यातला उतारा न घेता मूळ पोर्तुगीज नोंदीची शब्दशः नक्कल, जिला आपण तेओर म्हणतो, ती मागावी. तिच्यात आजोबांच्या आईवडिलांची नावे, वाडा आणि कडेला पुढे झालेले शेरेही असतात. १९१४ पूर्वीच्या जन्मासाठी चर्चचा बाप्तिस्मा दाखला शोधावा लागतो; हिंदू घरांना तोही आधार नसतो. मग नावाचे अक्षर. पोर्तुगीज कारकुनाने ऐकले तसे लिहिले: कामत 'कामोतिम' झाले, शेणवी 'सिनाय' झाले, प्रभू 'पोरोबो' झाले, शेटचा 'श' एक्स अक्षराने लिहिला गेला, आणि नाईकच्या शेवटी क्यू आला. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी पद्धतीचे नाव, मुलाच्या पासपोर्टवर तिसरेच. रजिस्ट्रारच्या खिडकीवर ही तिन्ही माणसे वेगळी ठरतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. नाव खरोखरच बदललेले असेल तर १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली झालेली नोंद जोडावी. हे सगळे झाल्यावर दाखल्यांवर राज्याच्या गृह खात्याची साक्ष आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का. कुठलेही अक्षर दुरुस्त करायचे असेल तर अपोस्टिलच्या आधी. नंतर केले तर सगळा फेरा पुन्हा.

आणि कागदात खाडाखोड करायचा मोह कुणालाही होऊ नये. मलेशियाचे उदाहरण ताजे आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी व्हिएतनामला ४-० हरवले. संघात नव्याने मलेशियन झालेले खेळाडू होते. तक्रार गेल्यावर फिफाने आजी-आजोबांच्या मूळ जन्मनोंदी मागवल्या, तर सात खेळाडूंच्या बाबतीत ती माणसे अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्समध्ये जन्मलेली निघाली, आणि मलेशियात जन्म दाखवणारे दाखले बनावट. सप्टेंबर २०२५ मध्ये मलेशियाच्या महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड आणि प्रत्येक खेळाडूला दोन हजार फ्रँक दंड व बारा महिन्यांची बंदी झाली. फिफा नक्कल घेऊन थांबत नाही, मूळ नोंदवहीपर्यंत जाते. 'दाखला मिळवून देतो' म्हणणारा माणूस बंदीच्या काळात मुलाचा पगार देणार नाही.

इतर खेळांतही तारखाच ठरवतात, तपशील वेगळे. ऑलिंपिक सनदेप्रमाणे देश बदलल्यावर तीन वर्षे थांबावे लागते. दोन्ही देशांच्या समित्या, खेळाचा महासंघ आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती राजी असतील तर काळ कमी होतो. ॲथलेटिक्समध्येही तीन वर्षे, आणि वीस वर्षांच्या आत देश बदलता येत नाही. क्रिकेटमध्ये जन्म, नागरिकत्व किंवा तीन वर्षांचे वास्तव्य यांपैकी एक पुरते. टेबल टेनिसमध्ये बदलताना वय जितके जास्त तितकी वाट पाहणे जास्त. बास्केटबॉलचा नियम गोव्यातल्या पालकांनी खास लक्षात ठेवावा: सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर नागरिकत्व मिळाले, मग ते वंशाने का असेना, तर खेळाडू 'नागरिकत्व घेतलेला' या सदरात जाऊ शकतो आणि संघात अशा एकालाच जागा असते.

आता थोडे मत. केप व्हर्दे हा देशही पोर्तुगालच्याच ताब्यात होता, १९७५ मध्ये स्वतंत्र झाला. लोकवस्ती पाच लाखांच्या वर थोडी, म्हणजे गोव्याच्या साधारण एक तृतीयांश. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो विश्वचषकाला पात्र ठरला, आणि त्याच्या संघात रॉटरडॅम, लिस्बन, डब्लिन अशा ठिकाणी जन्मलेली मुले आहेत. डब्लिनच्या रॉबर्टो लोपेसला तर संघात येण्याचे निमंत्रण लिंक्डइनवर संदेश पाठवून दिले गेले. २०२२ मध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म परदेशातला. या देशांनी आपली नातवंडे कुठे आहेत याची यादी ठेवली आणि त्यांच्याशी बोलणे चालू ठेवले. भारताने दुहेरी नागरिकत्व द्यावे असे मी म्हणत नाही; तो क्रीडा खात्याच्या हातातला विषय नाही आणि त्यामागची कारणे खेळाहून मोठी आहेत. पण नागरिकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा एकूण मानवी प्रगती यांची विशेष सेवा केलेल्यांना वास्तव्याच्या अटी माफ करण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. त्या यादीत 'क्रीडा' हा शब्द नाही. तो एक शब्द घालण्याची मागणी गोव्याच्या खासदारांनी संसदेत करावी. ज्या राज्यातली एवढी घरे दोन देशांत विभागली आहेत, त्या राज्याने ही मागणी केली नाही तर दुसरे कोण करणार?

आणि दोन कामे इथेच, दिल्लीची वाट न पाहता होण्यासारखी आहेत. गोव्यातील फुटबॉल आणि इतर खेळांच्या संघटनांनी कनिष्ठ गटाच्या नोंदणी अर्जात तीन रकाने वाढवावेत: मुलाचे आजचे नागरिकत्व, त्याच्या जन्माच्या दिवशी आई आणि वडील या प्रत्येकाचे नागरिकत्व, आणि कोणत्याही देशाकडून खेळलेले अधिकृत सामने. माहिती गोपनीय ठेवावी आणि कुणालाही त्यावरून क्लबमधून वगळू नये. उद्देश एवढाच की बाराव्या वर्षी कळावे, सोळाव्या वर्षी शिबिराच्या दारात कळू नये. दुसरे, क्रीडा खात्याने मे महिन्याच्या सुट्टीत, निवड चाचण्यांच्या आधी, फोंडा, म्हापसा आणि मडगाव येथे एकेक दिवस कागदपत्रांचे शिबिर घ्यावे. सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयाचा एक माणूस, पासपोर्ट कार्यालयाचा एक आणि नागरिकत्व कायदा जाणणारा एक वकील, एवढे पुरे. येताना पालकांनी आजी-आजोबांच्या तेओरची नक्कल, स्वतःचे सगळे जुने-नवे पासपोर्ट, सरेंडर प्रमाणपत्र असल्यास ते, लिस्बनला नोंद झाली असल्यास तिची तारीख आणि मुलाच्या सामन्यांची यादी आणावी. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून टाकून देऊ नये, कारण मुलाच्या जन्माच्या दिवशी आपण कोणत्या देशाचे होतो हे त्याच्याच पानांवरून सिद्ध होते.

आपला,
खेळाडूंच्या नोंदणीचे काम पाहणारा एक वाचक,
फोंडा, गोवा